गोळीची सवय शरीराला होत नाही

ग्वाल्हेरची थंडी पडली की लष्कर भागातल्या मराठी घरांत घसे धरतात आणि तेच वाक्य पुन्हा कानी येतं: "मी फारशा गोळ्या घेत नाही हो, माझ्या शरीराला अँटिबायोटिकची सवयच नाही. घेतली की लगेच लागू पडते." चांगली शिकलेली माणसं हे इतक्या खात्रीने सांगतात की राग येतो.

औषधाला दाद देईनासा होतो तो जंतू, शरीर नव्हे. अझिथ्रोमायसिन जंतूच्या प्रथिनं बनवणाऱ्या रायबोसोमला चिकटून त्याचं काम थांबवतं. काही जंतू ती चिकटण्याची जागाच बदलतात, काही आत आलेलं औषध बाहेर फेकतात. ही क्षमता त्यांच्या जनुकांत असते आणि एक जंतू ती दुसऱ्याला देऊही शकतो. आजोबांच्या खोकल्यातून असा जंतू नातवाच्या घशात गेला, तर पोराने जन्मात एकही गोळी घेतलेली नसली तरी ते औषध त्याला लागू पडणार नाही.

पटत नसेल तर २००७ साली 'लॅन्सेट'मध्ये आलेला बेल्जियममधला प्रयोग पाहा. दोनशेहून अधिक निरोगी स्वयंसेवकांपैकी काहींना अझिथ्रोमायसिन, काहींना त्याच कुळातलं क्लॅरिथ्रोमायसिन आणि काहींना औषध नसलेली गोळी दिली. औषध घेतलेल्यांच्या घशातल्या स्ट्रेप्टोकोकाय जंतूंत दाद न देणाऱ्यांचा वाटा आठवडाभरातच खूप वाढला आणि सहा महिन्यांनंतरही तो जास्तच होता. माणसं तीच होती, बदलले ते जंतू!

आणि नेमकं हेच औषध आपण घसा खवखवला की मागतो. २०१९ मध्ये भारताच्या खाजगी बाजारात सर्वाधिक खपलेली अँटिबायोटिक गोळी अझिथ्रोमायसिन ५०० होती. कायद्याने ती चिठ्ठीशिवाय विकता येत नाही. १९४६ पासून गजराराजा वैद्यकीय महाविद्यालय असलेल्या या शहरात घशाचं निदान मेडिकलच्या काउंटरवर का व्हावं?

बहुतेक घसादुखी विषाणूंची असते, तिथे अँटिबायोटिकचा काहीच उपयोग नाही. नाक गळतंय, खोकला आहे, आवाज बसलाय, तर बहुधा तेच. पण खोकला नसताना ताप, टॉन्सिलवर पांढरे ठिपके आणि मानेत दुखऱ्या गाठी असतील तर डॉक्टरांकडे जा, घशाचा स्वॅब तपासायचा का ते विचारा. हा स्ट्रेप, म्हणजे एका प्रकारच्या स्ट्रेप्टोकोकस जंतूचा संसर्ग, असू शकतो. पाच ते पंधरा वर्षांच्या मुलांत त्याकडे दुर्लक्ष झालं तर पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा कायमच्या खराब होऊ शकतात. नऊ दिवसांच्या आत योग्य औषध सुरू केलं तर हे टळतं.

योग्य औषध म्हणजे बहुधा पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन, दहा दिवस. "ते जुनं, हलकं" म्हणून नाक मुरडू नका. स्ट्रेपने आजवर पेनिसिलिनला दाद देणं सोडलेलं नाही. उलट, अझिथ्रोमायसिनच्या कुळाला न जुमानणारा स्ट्रेप २०२४ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या धोकादायक जंतूंच्या यादीत आला. पेनिसिलिनची खरी ॲलर्जी असलेल्या मुलांसाठी ज्या मोजक्या औषधांवर भिस्त ठेवावी लागते, त्यांत हे कुळही आहे.

कफ पिवळा झाला म्हणजे जंतुसंसर्ग, असं नाही. मिठाच्या गुळण्यांनी आराम पडतो, स्ट्रेप जात नाही. तानसेनच्या समाधीजवळच्या चिंचेचा पाला श्रद्धेने चघळा, पण ताप असलेल्या मुलाला त्याच्या भरवशावर ठेवू नका. आणि तिसऱ्या दिवशी घसा मोकळा झाला, तरी डॉक्टरांना न विचारता उरलेली पट्टी डब्यात टाकू नका.