आपला माणूस आणि दोन निकाल

आमच्या आदिलाबादच्या घरी पी. व्ही. नरसिंह रावांचं नाव निघालं की आजोबा खुर्चीत सावरून बसायचे. "आपला माणूस!" म्हणायचे. राव तेलुगू, पण आजोबांचा हिशोब सरळ होता. ज्याने नागपुरात कायद्याचं शिक्षण घेतलं, हरि नारायण आपट्यांची 'पण लक्षात कोण घेतो?' तेलुगूत नेली, जो रामटेकमधून १९८४ आणि १९८९ ला लोकसभेवर गेला, तो परका कसा? १९५६ साली किनवट-राजुरा तिकडे गेले आणि आम्ही पैनगंगेच्या अलीकडे राहिलो. त्यामुळे दोन्ही भाषा जाणणारा पंतप्रधान हा आम्हाला घरचाच वाटायचा.

सप्टेंबर २००० मध्ये मी पाचवी-सहावीत होतो. दिल्लीच्या विशेष न्यायालयाने रावांना दोषी ठरवल्याची बातमी मी पेपरात मोठ्याने वाचली आणि विचारलं, "आजोबा, आपला माणूस चोर आहे?" आजोबांनी पेपर घडी करून ठेवला. उत्तर दिलं नाही.

प्रकरण १९९३ चं. जून १९९१ मध्ये राव पंतप्रधान झाले, पण सरकार अल्पमतातलं. २८ जुलै १९९३ ला अविश्वास ठराव २५१ विरुद्ध २६५ मतांनी फेटाळला गेला. पुढे आरोप झाला की, ही मतं जमवण्यासाठी झारखंड मुक्ती मोर्चाच्या आणि इतर काही खासदारांना पैसे दिले गेले. १९९६ मध्ये सत्ता गेली, पक्षाध्यक्षपद गेलं, १९९८ मध्ये तिकीटही मिळालं नाही. २००० मध्ये तीन वर्षांची शिक्षा झाली. फौजदारी खटल्यात दोषी ठरलेले ते पहिले माजी पंतप्रधान.

मार्च २००२ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने त्यांना निर्दोष सोडलं. माफीचा साक्षीदार झालेल्या खासदाराच्या जबानीवर विसंबता येत नाही, असं न्यायालय म्हणालं. त्या संध्याकाळी आजोबांनी पेढे आणले. मला वाटलं, विषय संपला. डिसेंबर २००४ मध्ये राव गेले, तेव्हा त्यांचं पार्थिव दिल्लीत काँग्रेस मुख्यालयाच्या दारापर्यंत गेलं, आत नेलं गेलं नाही. आजोबा त्या रात्री जेवले नाहीत.

फेब्रुवारी २०२४ मध्ये रावांना भारतरत्न जाहीर झालं. मी हैदराबादला ऑफिसात होतो. भाच्याचा फोन आला, "मामा, म्हणजे ते चांगलेच होते ना?" साठीनंतर कॉम्प्युटर शिकून कोडिंग करणारा हा माणूस मलाही आवडतो. तरी 'हो' म्हणताना अडखळलो आणि त्या रात्री निकालांबद्दल वाचत बसलो.

तेव्हा जे कळलं, ते आजोबांनी कधी सांगितलं नव्हतं. याच खटल्यात १९९८ साली सर्वोच्च न्यायालयाने तीन विरुद्ध दोन मतांनी ठरवलं होतं की, खासदाराने लाच घेऊन सभागृहात तसंच मत दिलं, तर राज्यघटनेच्या कलम १०५ नुसार त्याच्यावर खटला चालत नाही. देणाऱ्यावर मात्र चालतो. ज्या खासदारावर पैसे घेऊनही मतदान न केल्याचा आरोप होता, त्याला हे संरक्षण नव्हतं! आमच्या कामात अशी चूक कोडमध्ये सापडली तर रात्रीत दुरुस्त करतात. ही २६ वर्षं राहिली. ४ मार्च २०२४ ला, म्हणजे भारतरत्नाच्या घोषणेनंतर महिन्याच्या आत, सात न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो निकाल रद्द केला.

भाच्याला मी शेवटी दोन्ही गोष्टी सांगितल्या. राव निर्दोष सुटले, हे खरं आहे आणि ते सांगायलाच हवं. पण त्या मतांच्या किमतीचा प्रश्न त्यांच्या सुटकेने संपला नव्हता, हेही खरं आहे. आजोबांना माणूस आपला वाटला, म्हणून त्यांनी प्रश्नच घडी करून ठेवला. राव मलाही आपलेच वाटतात, पण भाच्याने पुढे काही विचारलं तर मी पेपर उघडा ठेवणार आहे.