निर्जंतुकीकरणाच्या पद्धती आणि त्यांची विश्वसनीयता

प्रस्तावना :
वस्तूवरील किंवा माध्यमातील सर्व सूक्ष्मजीवांचा, त्यांच्या बीजाणूंसह, नाश करणे अथवा त्यांना तेथून काढून टाकणे म्हणजे निर्जंतुकीकरण होय. या व्याख्येतील ‘बीजाणूंसह’ हा शब्द निर्णायक आहे. उकळत्या पाण्यात बहुतेक जीवाणू दहा मिनिटांत मरतात. परंतु धनुर्वातास कारणीभूत असणाऱ्या जीवाणूंचे बीजाणू त्यातूनही तग धरू शकतात. त्यामुळे उकळणे हे निर्जंतुकीकरण ठरत नाही.

प्रमुख पद्धती :
१) आर्द्र उष्णता : चार्ल्स चेंबरलँड यांनी १८७९ मध्ये ऑटोक्लेव्ह तयार केला. दर चौरस इंचास १५ पौंड दाबाखाली वाफेचे तापमान १२१° सेल्सिअस होते. ही वाफ वस्तूवर साकळताना सुप्त उष्णता देते व पेशीतील प्रथिने गोठतात. पोषण माध्यमांसाठी सामान्यतः १५ मिनिटे पुरेशी असतात.
२) शुष्क उष्णता : काचेची भांडी, तेले व भुकटी यांसाठी हॉट एअर ओव्हनमध्ये १६०° सेल्सिअसला दोन तास लागतात, कारण कोरडी हवा उष्णता मंद गतीने पोहोचवते.
३) गाळण : उष्णतेने बिघडणारी द्रावणे ०.२२ मायक्रोमीटर छिद्रांच्या पटलातून गाळतात. मात्र विषाणू त्यातून पार होऊ शकतात.
४) प्रारण व वायू : प्लॅस्टिकच्या वैद्यकीय साहित्यासाठी कोबाल्ट-६० चे गॅमा किरण किंवा इथिलीन ऑक्साइड वापरतात. तुर्भे येथे भाभा अणुसंशोधन केंद्राचा ‘आयसोमेड’ प्रकल्प १९७४ मध्ये याच हेतूने सुरू झाला.

दाबमापकाची मर्यादा :
सूक्ष्मजीव दाबाने नव्हे, तर वाफेच्या तापमानाने मरतात. ऑटोक्लेव्हमधील निम्मी हवा आतच राहिल्यास काटा १५ पौंडांवर असूनही तापमान सुमारे ११२° सेल्सिअसपर्यंतच पोहोचते. बीजाणू जिवंत राहतात आणि विद्यार्थ्यांचे प्रयोग अकारण फसतात. रुग्णालयात मात्र याच त्रुटीने रुग्णाचा जीव धोक्यात येतो. म्हणून झडप बंद करण्यापूर्वी हवा पूर्णपणे बाहेर जाऊ देणे आवश्यक आहे. तसेच जिओबॅसिलस स्टिअरोथर्मोफिलस या जीवाणूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवून, नंतर तिच्यावर वाढ होते किंवा नाही हे तपासावे.

समारोप :
पद्धतीची निवड वस्तूच्या स्वरूपावर अवलंबून असते. तिची विश्वसनीयता मात्र पडताळणीवर. प्रयोगशाळेत विद्यार्थ्यांना यंत्र चालविण्याबरोबरच ही पडताळणीही शिकविणे अगत्याचे आहे.