बाळ वारंवार आजारी पडते. दोष सुनेचा कसा?

देऊळगाव राजाच्या वस्त्यांतून सामाजिक कामानिमित्त आम्ही घरोघरी जातो. एखाद्या घरात दोन-दोन मुलगे लहानपणीच दगावलेले असतात. कुणी म्हणते नजर लागली, कुणी म्हणते बाहेरची बाधा, आणि शेवटी खापर फुटते ते सुनेच्या पायगुणावर. कुपोषण, अतिसार ही नेहमीची कारणे आहेतच. पण काही घरांत मूळ कारण बाळाच्या हाडांतील मज्जेत दडलेले असते.

रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी मज्जेत जन्मतात. पण जन्मतःच त्या लढाऊ नसतात. 'वाढ, तयार हो' असा निरोप त्यांना मिळावा लागतो. पेशीच्या आवरणापासून आतल्या केंद्रकापर्यंत तो निरोप काही प्रथिने हातोहात पोचवतात. आम्ही पडलो कारकून, आम्हाला हे लगेच उमगले. एका टेबलावर फाईल अडली की पुढची टेबले रिकामीच!

१९५२ साली अमेरिकेतील लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांनी आठ वर्षांच्या एका मुलाची हकीकत प्रसिद्ध केली. त्याला वारंवार जंतुसंसर्ग होई आणि रक्तात प्रतिपिंडे नव्हती. कारण सापडायला १९९३ साल उजाडले. 'बीटीके' हे निरोप्या प्रथिन सदोष असले की बी पेशी अर्ध्यावरच अडतात. आईकडून आलेल्या प्रतिपिंडांवर बाळ सहाएक महिने काढते. मग कान फुटणे, न्यूमोनिया सुरू होतो. 'जॅक-३' हे प्रथिन बिघडले तर टी पेशीच तयार होत नाहीत. ते बाळ पहिल्या काही महिन्यांतच संकटात सापडते.

बीटीकेचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाला एकच एक्स मिळतो, तो आईचा. आईजवळ दुसरा चांगला एक्स असल्याने ती निरोगी राहते. तिला या दोषाचा पत्ताही नसतो. यात तिचा काय गुन्हा? जॅक-३चा दोष तर आई-बाप दोघांकडून यावा लागतो, आणि मामाची मुलगी करण्याच्या आपल्या रीतीने ती शक्यता वाढते. कडू लागेल, पण खरे आहे.

सीबीसी ही साधी रक्ततपासणी आहे. पांढऱ्या पेशी ६,००० आणि लिम्फोसाइट २० टक्के, म्हणजे १,२०० झाले. तान्ह्या बाळात हा आकडा ३,०००च्या आत आला तर डॉक्टरांना जरूर विचारा. बीटीकेच्या आजारात तो ठीकही दिसू शकतो; तिथे प्रतिपिंडेच मोजावी लागतात. पुढील तपासण्या मुंबईत परळला, केईएम रुग्णालयाच्या आवारातील नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ इम्युनोहिमॅटॉलॉजीत होतात. जालन्याहून मुंबईची रेल्वे मिळते.

बीटीकेच्या रुग्णाला दर तीन-चार आठवड्यांनी प्रतिपिंडांचे औषध जन्मभर घ्यावे लागते. ते हजारो रक्तदात्यांच्या रक्तद्रवातून काढतात. जॅक-३च्या बाळाला दुसऱ्याची मज्जा द्यावी लागते, तीही जितकी लवकर तितकी बरी. अशा बाळाला बीसीजीसारखी जिवंत जंतूंची लसही धोक्याची ठरते. म्हणून निरोगी बाळाची लस मात्र कुणी चुकवू नये.

डॉक्टरांपुढे बसल्यावर आपण गेलेल्या मुलांचा विषय टाळतो. तो टाळू नका, जुने कागद सोबत न्या. बाळाचे मामा, आईचे मामा लहानपणी गेले होते का, हे आजीला विचारून जा.