अन्न नाकारणारा साप : औषधाआधी ऊब तपासावी

जबलपूर येथे डिसेंबर-जानेवारीत रात्रीचे तापमान १० अंश सेल्सिअसच्या आसपास उतरते. छावणी भागातील सदरसारख्या जुन्या वस्तीत उंच छताची घरे लवकर गार होतात. अशा वेळी माणूस रजई ओढून घेतो. काचेच्या पेटीतील अजगर मात्र खाणे बंद करतो. हा नकार बहुतेक वेळा आजारामुळे नसतो. त्याचे कारण न शोधता घाईने केलेले उपायच पुष्कळदा सापाच्या जिवावर बेततात.

सापाच्या शरीराची उष्णता सभोवतालावर अवलंबून असते. पुरेशी ऊब नसेल तर पाचक रसांचे कार्य मंदावते. गारठ्यात गिळलेला उंदीर पचण्याऐवजी पोटात कुजू लागतो आणि साप तो ओकून टाकतो. त्यामुळे थंडीत न खाणे हेच त्याच्या हिताचे असते.

हौशी पाळणाऱ्यांकडे आढळणारा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन हा अजगर या बाबतीत विशेष हट्टी समजला जातो. निरोगी प्रौढ बॉल पायथन काही महिने अन्नाविना राहू शकतो. पिल्लांना मात्र एवढा उपवास सोसत नाही. विणीच्या हंगामात नर अन्नाकडे पाठ फिरवितात. कात टाकण्यापूर्वी डोळ्यांवर दुधी पडदा येतो, त्या दिवसांतही साप खात नाहीत. आपल्याकडील अजगराची मादी अंड्यांभोवती वेटोळे घालून सुमारे दोन महिने बसते व त्या काळात सहसा काहीच खात नाही.

तेव्हा पहिली तपासणी पेटीची करावी. बॉल पायथनसाठी पेटीच्या एका टोकाला ३१ ते ३३ अंश, तर दुसऱ्या टोकाला २५ ते २७ अंश तापमान असावे. दोन्ही टोकांना तापमापक लावावा; अंदाजावर विसंबू नये. हीट मॅट थर्मोस्टॅटला जोडलेली असावी, अन्यथा साप भाजतो. लपण्यासाठी उबदार बाजूस एक आणि थंड बाजूस एक अशा दोन अंधाऱ्या जागा हव्यात. ज्याला लपता येत नाही तो साप सतत भयात राहतो, आणि भयभीत साप खात नाही. नव्याने घरी आणलेल्या सापास किमान आठवडाभर हात लावू नये. पाहुण्यांना दाखविण्यासाठी त्याला वारंवार बाहेर काढणे हे उपाशी राहण्याचे एक सामान्य कारण आहे, हे पाळणारे सहसा मान्य करीत नाहीत!

यानंतर अन्नाचा विचार करावा. उंदीर सापाच्या शरीराच्या सर्वांत जाड भागाहून फार मोठा नसावा. गोठविलेला उंदीर पूर्ण वितळवून, कोमट पाण्याने जिवंत प्राण्याच्या अंगाइतका उबदार करावा. कारण अजगराच्या ओठांवरील खाचांना भक्ष्याची उष्णता जाणवते आणि थंड उंदीर त्याच्या लेखी भक्ष्यच नसतो. लांब चिमट्याने, सायंकाळनंतर, मंद प्रकाशात तो पुढे करावा. नाकारल्यास काढून घ्यावा व आठवडाभराने पुन्हा प्रयत्न करावा. जिवंत उंदीर पेटीत सोडून जाऊ नये. भुकेला उंदीर निपचित सापाला कुरतडतो व जबर जखमा करतो. पिण्याचे स्वच्छ पाणी सदैव असावे.

दर आठवड्याला वजनाची नोंद ठेवावी. वजन स्थिर असेल तर उपवास लांबला तरी थांबता येते. मूळ वजनाच्या सुमारे दहावा हिस्सा घटला, तोंडात लाली किंवा पू दिसला, साप तोंड उघडून श्वास घेऊ लागला, नाकातोंडातून बुडबुडे आले किंवा अन्न ओकून पडले, तर पशुवैद्यकाकडे नेण्यास विलंब करू नये. जबरदस्तीने भरविणे हा अखेरचा उपाय असून तो जाणकार पशुवैद्यकानेच करावा. अननुभवी हातून घसा व अन्ननलिका फाटण्याचा धोका असतो.

जबलपूर येथे नानाजी देशमुख पशुचिकित्सा विज्ञान विद्यापीठात 'स्कूल ऑफ वाइल्डलाइफ फॉरेन्सिक अँड हेल्थ' हे वन्यप्राण्यांच्या आरोग्याशी संबंधित केंद्र आहे. मात्र कायद्याच्या भीतीने अनेक जण आजारी साप घेऊन कोणाकडेच जात नाहीत. ही भीती अगदीच निराधार नाही. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ नुसार नाग, धामण, अजगर असे देशी साप घरी पाळता येत नाहीत. तसा साप उपाशी आढळल्यास त्याला भरवीत न बसता वन विभागाच्या स्वाधीन करणे हाच मार्ग आहे. बॉल पायथनसारख्या, आंतरराष्ट्रीय साइट्स कराराच्या परिशिष्टांतील परदेशी प्राण्यांची नोंदणी २०२४ च्या नियमांनुसार 'परिवेश' संकेतस्थळावर करावी लागते. त्यांचा जन्म, मृत्यू व हस्तांतरणही कळवावे लागते. नोंदणीची पावती हाती असलेल्याला दवाखान्यात जाण्यास संकोच वाटण्याचे कारण उरत नाही.

सक्तीच्या उपवासाचे सर्वांत क्रूर उदाहरण नागपंचमीच्या सुमारास दिसते. काही गारुडी नागाचे विषदंत उपटतात, तोंड शिवतात आणि त्याला कित्येक दिवस तहानलेला ठेवतात. मग समोर आलेले दूध तो पाणी समजून पितो. दूध हे सापाचे अन्न नव्हे. ते त्याला पचत नाही आणि फुप्फुसांत गेल्यास न्यूमोनिया होतो. असे नाग सोडविल्यानंतर प्रथम टाके काढून तोंडातील जखमांवर उपचार करावे लागतात व शरीरातील पाण्याची कमतरता भरून काढावी लागते. अन्नाची पाळी त्यानंतर येते.

दीर्घ उपवासानंतरचे पहिले भक्ष्य, मग तो साप नाग असो वा पेटीतील अजगर, नेहमीपेक्षा बरेच लहान असावे. एकदम मोठा उंदीर दिल्यास रक्तातील क्षारांचे संतुलन बिघडून साप दगावू शकतो. खाल्ल्यानंतर किमान ४८ तास त्याला हाताळू नये. अन्न ओकल्यास पुढील दोन आठवडे केवळ पाणी व ऊब द्यावी.