तारकापेशी
तारकापेशी किंवा ॲस्ट्रोसाइट या मेंदू व मेरुरज्जू यांमधील एक प्रकारच्या सहायक पेशी होत. ताऱ्यासारख्या आकारामुळे त्यांना हे नाव मिळाले. जर्मन विकृतिशास्त्रज्ञ रुडॉल्फ फिरखो याने १८५६ मध्ये सहायक पेशींच्या ऊतीस ‘चेतांचा गोंद’ अशा अर्थाचे नाव दिले. या नावामुळे या पेशी केवळ आधार देतात, हा समज दीर्घकाळ टिकला.

तारकापेशींचे काही फाटे चेतापेशींच्या संपर्कस्थानांना वेढतात, तर काही रक्तवाहिन्यांवर टेकलेले असतात. संपर्कस्थानी सांडलेले ग्लुटामेट हे रसायन त्या शोषून घेतात. त्यांच्यात विद्युत आवेग निर्माण होत नाहीत. त्यामुळे विद्युतअग्राने केलेल्या नोंदींत त्या मूकच वाटत. त्यांचा प्रतिसाद पेशीतील कॅल्शियमच्या चढउतारातून प्रकट होतो आणि तो पाहण्यासाठी प्रकाशीय तंत्रे लागतात. संवर्धित तारकापेशींवर ग्लुटामेट सोडल्यास त्यांच्यात कॅल्शियमच्या लाटा उसळतात, हे १९९० मध्ये दिसून आले.

जिवंत मेंदूतील महत्त्वाचा पुरावा दृष्टिक्षेत्रातून मिळाला. तेथील प्रत्येक चेतापेशी विशिष्ट कोनात कललेल्या रेषेला सर्वाधिक प्रतिसाद देते, हे डेव्हिड ह्यूबेल व टॉर्स्टन वीझल यांनी मांजरांवरील प्रयोगांतून दाखवले होते (नोबेल पारितोषिक, १९८१). मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधील जेम्स शमर्स, होंगबो यू व भारतीय वंशाचे मृगांक सूर यांना २००८ मध्ये फेरेट या प्राण्याच्या तारकापेशींतही अशीच निवड आढळली. शेजारच्या चेतापेशींना जो कोन भावतो तोच तारकापेशीलाही. मात्र तिचा प्रतिसाद काही सेकंद उशिरा येतो. ग्लुटामेटचे शोषण रोखताच तारकापेशींचा प्रतिसाद मंदावला, उलट चेतापेशींचा वाढला. त्याच वेळी त्या भागातील रक्तप्रवाहाशी निगडित संकेतही क्षीण झाला. मेंदूच्या कार्यदर्शी एमआरआय चित्रणाचा आधार चेतापेशींची विद्युत क्रिया नसून रक्तातील बदल हा असतो; म्हणून अशा चित्रांचा अर्थ लावताना तारकापेशी विचारात घ्याव्या लागतात. गाढ भुलीत त्यांचा प्रतिसाद दबत असल्याने जुन्या प्रयोगांत तो निसटला असण्याचीही शक्यता आहे.

तारकापेशी संवेदना घडवतात काय, हा पुढचा प्रश्न. उंदरांच्या दृष्टिक्षेत्रातील तारकापेशी प्रकाशाने उद्दीपित केल्यावर चेतापेशींची कोनविषयक निवड बदलते, असे २०१४ मध्ये आढळले. परंतु कृत्रिम उद्दीपन म्हणजे नैसर्गिक व्यवहार नव्हे. ग्लुटामेटचा संदेश ज्या ग्राहीमार्फत पोहोचतो असे मानले जात होते, तो प्रौढ उंदरांच्या तारकापेशींत जवळपास नसतो, असे २०१३ मध्ये दिसून आले होते. त्यामुळे पिल्लांच्या मेंदूवरून काढलेले निष्कर्ष प्रौढांना किती लागू पडतात, यावर मतभेद आहेत.