लेर्मोंतोवची दुसरी वही

सेंट पीटर्सबर्गमध्ये, नेवा नदीला जिथे दोन फाटे फुटतात त्या व्हासिलेव्स्की बेटाच्या टोकाशी, घुमटाची एक जुनी इमारत उभी आहे. एकोणिसाव्या शतकात ती जकात कचेरी होती. १९२७ पासून तिथे रशियन साहित्याचे कागद जपले जातात. संस्थेचं नाव पुश्किन भवन. नाव पुश्किनचं असलं, तरी तिथल्या संग्रहालयातला जो ठेवा मला सगळ्यांत जास्त ओढून घेतो तो दुसऱ्या कवीचा आहे, मिखाईल युर्येविच लेर्मोंतोवचा. त्यातही त्याची हस्तलिखितं नव्हेत, त्याची चित्रं.

लेर्मोंतोव १८१४ साली जन्मला आणि १८४१ साली द्वंद्वयुद्धात गेला. वयाची सत्तावीस वर्षंही पुरी झाली नव्हती. ‘आमच्या काळाचा नायक’ अशा अर्थाच्या नावाची त्याची कादंबरी, ‘दानव’ हे दीर्घकाव्य आणि त्याच्या कविता जगभर वाचल्या जातात. एवढ्याशा आयुष्यात त्याने दहाहून अधिक तैलचित्रं, चाळीसहून अधिक जलरंगचित्रं आणि तीनशेच्या वर रेखाटनं केली, हे मात्र रशियाबाहेर फार थोड्यांना ठाऊक असतं. हा त्याचा फावल्या वेळचा छंद होता, असं म्हणून बाजूला सारता येत नाही. ही त्याची दुसरी वही आहे, आणि ती वाचल्याशिवाय पहिली वही पुरती उलगडत नाही.

हा ठेवा जमला त्याची कथाही सांगण्याजोगी आहे. १८३२ ते १८३४ ही दोन वर्षं लेर्मोंतोव पीटर्सबर्गच्या घोडदळ अधिकाऱ्यांच्या शाळेत होता. तिथल्या छात्रांना ललित पुस्तकं वाचायची परवानगी नव्हती. तो चोरून लिहायचा. पुढे हीच शाळा निकोलायेव्ह घोडदळ विद्यालय म्हणून ओळखली जाऊ लागली आणि १८८३ साली तिनेच आपल्या या जुन्या विद्यार्थ्याच्या नावे संग्रहालय उघडलं. त्यामागची खटपट विद्यालयाचे प्रमुख जनरल बिल्डरलिंग यांची. ज्यांच्याकडे लेर्मोंतोवचं काही असेल त्यांनी ते द्यावं, असं आवाहन त्यांनी केलं आणि नातेवाइकांच्या पेट्यांतून, मित्रांच्या अल्बममधून, जहागिऱ्यांतल्या भिंतींवरून वस्तू येत गेल्या. १९१७ मध्ये हा सगळा संग्रह पुश्किन भवनाकडे आला. सैनिकी शाळेने कवीची चित्रं शोधून काढावीत आणि सांभाळावीत, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

चित्रकलेची ओढ त्याला लहानपणापासून होती. तीन वर्षांचा व्हायच्या आत आई गेली आणि आजीने, येलिझावेता अर्सेन्येवाने, पेन्झा प्रांतातल्या तार्खानी या आपल्या गावी त्याला वाढवलं. रंगीत मेणाच्या आकृती करण्यात तो तासन्‌तास रमायचा. शिकारी आणि त्याचा कुत्रा, लढायांचे देखावे, असं काय काय तो मेणातून घडवायचा, असं त्याच्या बालमित्रांनी लिहून ठेवलं आहे. आजी त्याला घेऊन कॉकेशसच्या गरम पाण्याच्या झऱ्यांवर जायची. ते डोंगर त्याने पहिल्यांदा पाहिले ते असे, आजीच्या बग्गीतून. पुढे मॉस्कोत सोलोनित्स्की आणि पीटर्सबर्गला झाबोलोत्स्की हे शिक्षक त्याला लाभले. झाबोलोत्स्कीने काढलेली लेर्मोंतोवची व्यक्तिचित्रंही आहेत. म्हणजे शिष्य शिकत असताना गुरू त्याला न्याहाळत होता.

तरुणपणीचं एक चित्र त्याच्या मनाचा ठाव देतं. आपलं घराणं स्पेनच्या लेर्मा या सरदार कुळातून आलं असावं, अशी त्याची एक कल्पना होती. मित्र अलेक्सेई लोपुखिनच्या मॉस्कोच्या घरी त्याने त्या काल्पनिक पूर्वजाचा चेहरा कोळशाने थेट भिंतीवर काढला. नंतर भिंतीला रंग दिला गेला आणि चित्र पुसलं. लोपुखिन हळहळला, तेव्हा लेर्मोंतोवने तोच चेहरा तैलरंगात कॅनव्हासवर काढून पाठवला. खरा पूर्वज स्पॅनिश नव्हताच. तो स्कॉटलंडहून आलेला जॉर्ज लर्मंथ नावाचा सैनिक होता. पण वंशावळीत जे सापडत नव्हतं ते त्या मुलाने हाताने घडवलं.

पुढे खरं महत्त्वाचं वर्ष आलं, १८३७. पुश्किन द्वंद्वयुद्धात मारला गेला आणि लेर्मोंतोवच्या शोककवितेने दरबार भडकला. त्याला अटक झाली. कोठडीत कागद मिळेना, तेव्हा पाव गुंडाळून आलेल्या कागदावर, दारूत शेगडीची काजळी कालवून, काडीने त्याने कविता लिहिल्या. मग शिक्षा म्हणून त्याला कॉकेशसमधल्या निझनी नोव्हगोरोद ड्रॅगून पलटणीत धाडलं गेलं.

शिक्षा झारने दिली; त्या डोंगरांचं लेर्मोंतोवने काय केलं ते पाहा. तिथल्या लोकांचा पोशाख घालून, खांद्यावर बंदूक टाकून तो किझल्यारपासून तामानपर्यंत भटकला, डोंगर ओलांडून जॉर्जियात उतरला. मित्र रायेव्स्कीला लिहिलेल्या पत्रात तो सांगतो, की पाहिलेल्या उल्लेखनीय जागांची चित्रं मी घाईघाईने काढली आहेत आणि बऱ्यापैकी संग्रह बरोबर आणतो आहे. तो संग्रह म्हणजे तामानच्या समुद्रकाठाचं रेखाटन, दार्याल घाटातला राणी तामाराचा गढीवजा किल्ला, अराग्वी नदीकाठचे भग्नावशेष. परतल्यावर यातूनच तैलचित्रं झाली. त्यांत मेतेखीचा कडा आणि खाली वाहणारी कुरा नदी दाखवणारा तिफ्लिसचा देखावा आहे, प्यातिगोर्स्क आहे, मत्स्खेताजवळून जाणारा जॉर्जियाचा लष्करी रस्ता आहे. आता कादंबरी उघडा. ‘तामान’ त्यात एक स्वतंत्र कथा होऊन बसलं आहे. दार्यालच्या किल्ल्यावर ‘तामारा’ नावाची कविता आहे. या जागा कागदावर आधी पेन्सिलीने उतरल्या आणि शब्द मागून आले.

सगळ्यात बोलकं उदाहरण क्रेस्तोवाया डोंगराचं, म्हणजे क्रुसाच्या डोंगराचं. कोबीजवळच्या दरीतून दिसणारा हा डोंगर लेर्मोंतोवने शिळाछापासाठी दगडावर स्वतः काढला आणि छापलेल्या प्रतीवर जलरंगाने रंग भरले. (शिळाप्रेसवर छापलेल्या पोथ्या ज्यांनी हाताळल्या आहेत त्यांना त्या रेषेचा पोत सांगायला नको.) कादंबरीच्या ‘बेला’ या भागात निवेदक आणि म्हातारा माक्सिम माक्सिमिच याच डोंगरावरून बर्फात वाट काढत कोबीकडे उतरतात. वर दगडी क्रूस आहे. तो पीटर द ग्रेटने उभारला अशी दंतकथा निवेदक सांगतो आणि लगेच दुरुस्त करतो, की क्रूस जनरल येर्मोलोव्हच्या हुकमावरून १८२४ साली बसवला, तसं त्यावर कोरलंच आहे. ही अचूकता कुठून आली, याचं उत्तर मला त्या छापचित्रात सापडतं. थांबून, बसून ज्याने डोंगराची कड काढली आहे, तो भलत्या दंतकथेवर विसंबत नाही.

याच सुमारास त्याने स्वतःचं चित्र काढलं. जलरंगात, ड्रॅगून पलटणीच्या गणवेशात, खांद्यावर बुरका हा जाड लोकरी झगा, मागे डोंगर. ते त्याने लोपुखिनची बहीण वार्वारा हिला दिलं. तिच्यावर त्याचं प्रेम होतं. १८३५ मध्ये तिचं लग्न दुसऱ्याशी झालं, पण लेर्मोंतोव तिचे चेहरे काढत राहिला. नवऱ्याच्या धाकाने तिने त्याची पत्रं नष्ट केली. चित्रं मात्र तिने मैत्रीण अलेक्सांद्रा वेरेश्चागिनाकडे सोपवली. ती मैत्रीण जर्मनीत नांदत होती, म्हणून चित्रं वाचली. ते आत्मचित्र किती तरी वर्षं लोकांना फक्त नकलेवरून माहीत होतं. मूळ प्रत जर्मनीत असल्याचा माग अभ्यासक इराक्ली आंद्रोनिकोव्ह यांनी काढला आणि १९६०च्या दशकात ती मायदेशी आली. आज ती मॉस्कोच्या राज्य साहित्य संग्रहालयात आहे.

चित्रकार म्हणून तो केवढा होता? तैलचित्रांवर शिक्षकांची शिस्त जाणवते, माणसं कधी कधी देखाव्यात हरवतात. पण घोडे! पळणारे, उधळलेले, मान वळवणारे घोडे त्याच्या रेषेत जिवंत होतात, तिथे तो कुणाचा शिष्य नाही. १८४०च्या जुलैत कॉकेशसमधल्या वालेरिक नदीवर भयंकर चकमक झाली. लेर्मोंतोव त्यात लढला. त्या चकमकीचं एक चित्र त्याने रेखाटलं आणि रंग प्रिन्स गागारिनने भरले. मेलेल्या सैनिकांच्या दफनाचं आणखी एक चित्र त्याचं आहे. ‘वालेरिक’ ही कविता वाचताना तिच्यात शौर्याचा डंका का नाही, तिथलं पाणी आणि थकलेली माणसंच का दिसतात, हे या चित्रांशेजारी समजतं.

त्याच हाताचा शेवटही ठाऊक असायला हवा. १८४१च्या उन्हाळ्यात प्यातिगोर्स्कच्या तरुण मंडळींत एक अल्बम फिरत होता, त्यात लेर्मोंतोवने काढलेली, त्याचा जुना सहाध्यायी निकोलाय मार्तीनोव्ह याची लांबलचक खंजीर लटकवलेली व्यंगचित्रं होती, असं समकालीनांच्या आठवणी सांगतात. चेष्टा विकोपाला गेली. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १५ जुलैला माशुक डोंगराच्या पायथ्याशी मार्तीनोव्हने लेर्मोंतोवला गोळी घातली. गवती छपराच्या ज्या छोट्या घरात तो उतरला होता, तिथेही १९१२ पासून संग्रहालय आहे.

पीटर्सबर्ग लांब आहे, सगळ्यांना जाता येणार नाही. पण क्रेस्तोवाया डोंगराच्या त्या छापचित्राची प्रतिमा मिळवणं अवघड नाही. ‘बेला’ वाचायला घ्याल तेव्हा ती शेजारी ठेवा, आणि क्रुसाचा प्रसंग आला की पुस्तक खाली ठेवून आधी चित्र पाहा.