न्हाणीघराच्या फरशा : भिंतीला चकाकी, पायाला पकड

१९७५ नंतर पाणी अडवून आणि जिरवून राळेगणसिद्धीने आपल्या विहिरी जिवंत केल्या. घरात पाणी आले की न्हाणीघराला फरशा लावण्याचा विचार येतोच, आणि दुकानात ३ बाय ६ इंचांच्या चकचकीत ‘सबवे टाइल्स’ मन वेधून घेतात. १९०४ साली न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेस्थानकांत त्या लावल्या गेल्या, त्या भिंतींवर. तेच त्यांचे योग्य स्थान होय.

उतारवयात ओल्या फरशीवर घसरून खुब्याचे हाड मोडले, तर अनेकांचे स्वावलंबन कायमचे हिरावले जाते. म्हणून जमिनीसाठी खरखरीत, ‘अँटी-स्किड’ फरशीच निवडावी. लहान फरशांना सांधे अधिक, त्यामुळे पकडही अधिक. जमिनीचा रंग भिंतीहून ठळकपणे वेगळा असावा. मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना कड ओळखू येते.

आधारदांडीची जागा फरशा लावण्यापूर्वीच गवंड्याला दाखवावी. दांडी जमिनीपासून सुमारे ८० ते ९० सेंटीमीटर उंचीवर असावी आणि तिचे बोल्ट पक्क्या भिंतीत खोल जावेत. नुसती फरशी माणसाचा भार पेलत नाही. पाणी साचू नये म्हणून जाळीकडे हलका उतार द्यावा. काम झाल्यावर प्रत्येक फरशीवर टिचकी मारावी. पोकळ आवाज आल्यास ती पुन्हा बसवून घ्यावी.

साबणाचा थर खरखरीत फरशीलाही निसरडी करतो. तो आठवड्यातून एकदा ब्रशने घासावा. ॲसिड मात्र टाळावे. त्याची वाफ दमेकऱ्यांना घातक ठरते.